दिवे लागताच रेडिओत खरखर? आधी आपलं घर तपासा

दुपारभर शांत असलेला ४० मीटरचा बँड दिवेलागणीनंतर खरखरीनं भरून जातो, अशी तक्रार करणाऱ्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींची संख्या वाढते आहे. पाठोपाठ ठरलेले तीन प्रश्न येतात. हा मोबाइल टॉवरचा परिणाम आहे का? अँटेना बदलू का? शेजाऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? तिन्ही प्रश्न एक पायरी गाळून विचारलेले असतात. आवाज कुठून येतो हे नक्की होईपर्यंत अँटेनावर खर्च करू नका आणि शेजाऱ्याची बेलही वाजवू नका. बहुतेक वेळा पहिला गुन्हेगार आपल्याच छताला लटकलेला असतो.

एलईडी दिव्यांनी वीज वाचवली यात वाद नाही. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या उजाला योजनेतूनच देशात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. पण एलईडी थेट २३० व्होल्टवर चालत नाही. बल्बच्या बुडाशी बसवलेला ड्रायव्हर आलेली वीज एकदिश करतो आणि सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून हवी तेवढीच पुढे सोडतो. ही तोडजोड साधारण काही दशक किलोहर्ट्झ ते शंभरेक किलोहर्ट्झच्या गतीनं चालते आणि तिच्या पटीतल्या लहरी थेट शॉर्टवेव्हपर्यंत, कधी त्याच्याही वर पोचतात. त्या अडवायला ड्रायव्हरमध्ये एक छोटी कॉइल आणि दोन-तीन कपॅसिटर पुरतात. स्वस्त बल्बमध्ये खर्च वाचवायला गाळले जातात ते नेमके हेच भाग. पुढचं काम भिंतीतली वायर करते. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे याच ४० मीटर बँडच्या, लहरीची चतुर्थांश लांबी सुमारे १० मीटर, आणि फ्लॅटमधल्या लाइटिंगच्या वायरी साधारण तेवढ्याच भरतात. म्हणजे अख्खं घर प्रक्षेपण करू लागतं.

हा दिव्याचाच आवाज आहे का?

"स्टेशन ऐकू येत नाही" हे लक्षण धरू नका. रात्री ४० मीटरवर जवळची स्टेशनं आयनावरणातल्या बदलामुळे आपोआपच नाहीशी होतात, त्याला कोणताही बल्ब जबाबदार नसतो. बघायचं ते हे, की कोणीही बोलत नसताना मागची खरखर किती आहे आणि ती एखादं बटण दाबल्यावर बदलते का. कान थोडा तयार केलात तर आवाजावरूनही बराच अंदाज येतो:

- सलग, भरड सळसळ. बँडवर डायल फिरवली की ठरावीक अंतरानं ती वाढते आणि उतरते. हा स्विचिंग ड्रायव्हर. एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) असेल तर त्याच्या धबधबा-चित्रात सारख्या अंतरावरचे जाड, धूसर पट्टे दिसतात आणि दिवा तापेल तसे ते हळूहळू सरकतात. असाच पट्टा मोबाइल चार्जर किंवा राउटरचा अ‍ॅडॅप्टरही देतो, म्हणून एवढ्यावर दिव्याला दोषी ठरवू नका.
- जाड, कर्कश गुणगुण, १०० हर्ट्झची. डिमर, पंख्याचा बिनटप्प्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, किंवा आठ तऱ्हांनी लुकलुकणारी दिव्यांची माळ.
- तडतड, कोरड्या हवेत जास्त आणि पाऊस पडून गेल्यावर गायब. हा बहुधा विजेच्या खांबावरचा सैल जोड किंवा मळलेला इन्सुलेटर. तक्रार महावितरणकडे, १९१२वर.
- मधूनमधून फुटणारा कडकडाट, विशेषतः एप्रिल-मेच्या संध्याकाळी. दूरवरची वीज. यावर इलाज नाही, सेट बंद करून जेवायला बसा.
- फक्त दिवसा, ऊन असताना. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरकडे बघा.

मोबाइल टॉवरवर मात्र उगाच संशय घेऊ नका. शॉर्टवेव्हवरच्या अशा आवाजाशी टॉवरच्या प्रसारणाचा संबंध नसतो. फार तर त्याच्या वीजपुरवठ्याचा असू शकतो.

शोध: शांततेपासून सुरुवात करा

सर्वसाधारण सल्ला एकेक दिवा बंद करत जाण्याचा असतो. तो मला पटत नाही. घरात पाच आवाज करणाऱ्या वस्तू असतील तर सर्वांत मोठ्या आवाजाखाली उरलेले चार झाकले जातात. तुम्ही त्यांतला एखादा बंद करता, मीटर हलत नाही, आणि दोषी वस्तू निर्दोष सुटते. म्हणून उलट दिशेनं जा: आधी सगळं घर बंद करा, मग एकेक गोष्ट चालू करा.

१. रेडिओ बॅटरीवर घ्या. १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी पुरे. पॉवर सप्लाय संशयितांच्या यादीत असतो, त्याला पंचाच्या खुर्चीत बसवू नका.

२. आवाज असतो त्याच वेळी, म्हणजे रात्री, नेहमीची अँटेना लावून एक मोकळी फ्रिक्वेन्सी निवडा. प्रीअँप आणि नॉइज ब्लँकर बंद, बँडविड्थ ठरलेली. एस-मीटरचा आकडा लिहून ठेवा.

३. आता आपल्याकडच्या घरांतला खास सापळा. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर जागा होतो आणि निम्मे दिवे पेटलेलेच राहतात. त्यात इन्व्हर्टर स्वतःही आवाज करतो. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या स्विचवरून बंद करा, मगच मेन. वीज गेल्यावर आपोआप पेटणारे इमर्जन्सी बल्ब होल्डरमधून काढून ठेवा, कारण त्यांच्या पोटातही बॅटरी आणि ड्रायव्हर असतो. यूपीएसचंही तेच.

४. घरच्यांना आधी सांगा, संगणक नीट बंद करा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं वैद्यकीय उपकरण चालू असेल तर मेन पाडू नका. त्याचा एमसीबी सोडून बाकीचे पाडा.

५. सगळं बंद केल्यावर पुन्हा आकडा बघा. उतरला तर दोष घरात आहे. नाही उतरला तर घराबाहेर. थोडा उतरला तर दोन्हीकडे, आणि सर्वांत जास्त वेळा हेच उत्तर मिळतं.

६. एकेक एमसीबी चढवा. आकडा जिथे उडी मारतो ते सर्किट पकडा, त्यावरचे सगळे दिवे बंद ठेवून एकेक लावा. मोबाइलच्या अ‍ॅपवर चालणारे स्मार्ट बल्ब "बंद" असतानाही आतून जागे असतात. ते होल्डरमधून काढल्याशिवाय बंद धरू नका.

एस-मीटरवरचा एक अंक म्हणजे ६ डेसिबल. खरखर एस-३ वरून एस-७ वर गेली म्हणजे २४ डेसिबल वाढली. समोरच्या स्टेशनला पूर्वीइतकंच स्पष्ट ऐकू यायचं तर सुमारे २५० पट ताकद लावावी लागेल. हा हिशेब केला की एका बल्बमागे रात्र घालवल्याचं वाईट वाटत नाही.

शेवटच्या काही फुटांसाठी खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ कामाचा. आकाशवाणीचं स्टेशन नको, दोन स्टेशनांमधली मोकळी जागा लावा. पुण्यात असाल तर ७९२ किलोहर्ट्झपासून जरा दूर. रेडिओच्या आत फेराइटची आडवी कांडी असते. रेडिओ फिरवत राहा. आवाज एकदम पडतो तेव्हा कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे असतं. दोन गोष्टींचं भान ठेवा. भिंतीतली वायर आवाज वाहून नेते, त्यामुळे स्विचबोर्डजवळ खरखर वाढली म्हणून बोर्ड दोषी ठरत नाही. आणि मीडियम वेव्हवर गप्प असलेला दिवा १४ मेगाहर्ट्झवर गोंगाट करू शकतो. अंतिम निकाल नेहमी मुख्य सेटवरच घ्या.

दिवा बदलताना

सापडलेला दिवा साध्या होल्डरमधला बल्ब असेल तर फिल्टर वगैरेच्या भानगडीत पडू नका. बल्ब बदला. प्रश्न इतकाच, की कुठला घ्यायचा.

बल्बवर बीआयएसची नोंदणी, म्हणजे आयएस १६१०२ आणि आर-पासून सुरू होणारा क्रमांक असायलाच हवा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. पण ही नोंदणी प्रामुख्यानं विद्युत सुरक्षेची आहे. तिच्यावरून बल्ब रेडिओला शांत असेल असं समजू नका. दिव्यांच्या रेडिओ-गोंगाटासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे, सिस्पर १५. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असेल तर तो बल्ब आधी घ्या.

बाजारात 'डीओबी' नावानं ओळखले जाणारे बल्बही मिळतात. त्यांत एलईडीच्याच पट्टीवर एक छोटी आयसी बसवलेली असते आणि अशा आयसींचे अनेक प्रकार विजेची जलद तोडजोड करतच नाहीत. जादा व्होल्टेज ती उष्णता करून टाकते. तोडजोड नाही म्हणून खरखरही जवळजवळ नाही. गंमत अशी, की स्वस्त म्हणून ज्याला नाकं मुरडली जातात तो हा बल्ब हॅमच्या खोलीत महागड्या बल्बपेक्षा शांत निघू शकतो. तोटेही आहेत. व्होल्टेज वरखाली झालं की तो लवकर जातो आणि काहींचा उजेड १०० हर्ट्झनं लुकलुकतो. अभ्यासाच्या टेबलावर मी तो लावणार नाही. जिन्यात, बाल्कनीत, न्हाणीघरात खुशाल लावावा.

सर्वांत भरवशाची परीक्षा दुकानातच होते. दुकानदाराकडे बल्ब तपासायचा होल्डर असतो. खिशातला रेडिओ मोकळ्या जागी लावून पेटत्या बल्बपासून हातभर अंतरावर धरा. एक बल्ब आणि दुसरा यांतला फरक तिथेच कळेल. फक्त दुकानातले बाकीचे दिवेही ओरडत असतात, म्हणून आधी होल्डर रिकामा असताना ऐका. एकच बल्ब घरी आणा, मुख्य सेटवर तपासा, आणि मग लगेच त्याच लॉटमधले लागतील तेवढे घ्या. त्याच नावाच्या बल्बचं आतलं सर्किट कंपनी पुढच्या खेपेत न सांगता बदलू शकते.

वॉरंटीवर विसंबू नका. ती बल्ब पेटतो की नाही याची असते. "रेडिओत आवाज आला तर बदलून देणार ना?" हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.

पट्टी, माळ आणि पीओपीमागचे दिवे

खरा त्रास इथे आहे. पीओपी सीलिंगच्या खाचेतली एलईडी पट्टी म्हणजे मीटरच्या मीटर वायर, आणि तिला चालवणारा १२ व्होल्टचा बिननावाचा अ‍ॅडॅप्टर. पट्टी बहुधा निर्दोष असते. बदलायचा तो अ‍ॅडॅप्टर. नामांकित कंपनीचा, धातूच्या खोक्यातला, आत फिल्टर असलेला घ्या आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. तरी आवाज उरला तर फेराइटच्या कड्या वापरा. कडीला वायर कुठेही विजेनं जोडायची नसते, म्हणून घरच्या घरी करता येणारा हा सर्वांत सुरक्षित उपाय.

- फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र कडीतून न्या, अर्थ असेल तर तीही. एकच वायर नेलीत तर कडी विजेच्या प्रवाहानं भरून जाते आणि निकामी ठरते.
- एकदा ओवून भागत नाही. वेढे दुप्पट केले की रोध सुमारे चौपट होतो. शॉर्टवेव्हसाठी १० ते १२ वेढे घ्या. वायरीवर नुसती टचकन बसवायची फेराइटची डबी या बँडवर फारसं काही करत नाही.
- कडी अ‍ॅडॅप्टरला चिकटून हवी. एक २३० व्होल्टच्या बाजूला, एक १२ व्होल्टच्या बाजूला.
- साहित्य महत्त्वाचं. ३१ क्रमांकाचं फेराइट, बाहेरचा व्यास सहा सेंटिमीटरच्या आसपास, हे शॉर्टवेव्हसाठी उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या कॉम्प्युटरच्या सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या कड्या स्वस्तात मिळतील. त्या लोहचूर्णाच्या असतात आणि या कामाला निरुपयोगी.

बल्ब किंवा अ‍ॅडॅप्टर उघडून आत कपॅसिटर डकवायचा मोह टाळा. विजेच्या तारांवर लावायचे कपॅसिटर खास दर्जाचे, एक्स आणि वाय वर्गाचे असतात. साधा कपॅसिटर तिथे फुटतो, आणि चुकीच्या जागी लागला तर दिव्याच्या धातूच्या भागाला हात लावताच झटका बसतो.

गणपती-दिवाळीच्या माळांसाठी फार कष्ट घेऊ नका. माळ लुकलुकण्याऐवजी स्थिर ठेवता येत असेल तर गुणगुण बरीच उतरते. नाही उतरली तर चार रात्री बँड सोडा, सकाळच्या हॅम नेटवर भेटा.

घर शांत झालं, तरी खरखर?

मग कोअ‍ॅक्सकडे, म्हणजे अँटेनापासून सेटपर्यंत येणाऱ्या केबलकडे, बघा. घरातला गोंगाट बऱ्याचदा अँटेनाच्या तारेतून येतच नाही. तो कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवर चढून गच्चीपर्यंत जातो आणि तिथून आत शिरतो. तपासणी सोपी आहे. गच्चीवर कोअ‍ॅक्सच्या टोकाची अँटेना सोडवा, तिथे डमी लोड लावा आणि खाली येऊन ऐका. अँटेना नसतानाही खरखर उरली तर ती जाळीवरूनच येते आहे. उपाय तोच, ३१ क्रमांकाच्या कडीवर कोअ‍ॅक्सचे दहा-बारा वेढे. एक कडी अँटेनाच्या जोडाशी आणि दुसरी कोअ‍ॅक्स घरात शिरते तिथे. हाच उपाय लोक सर्वांत शेवटी करतात, आणि माझ्या मते तो पहिल्या तिनांत हवा.

बाल्कनीतून सोडलेली, एका टोकाला जोडलेली लांब तार फ्लॅटमध्ये सोयीची वाटते. पण तिला जमिनीकडची बाजू नीट दिली नाही तर ती घराच्या वायरिंगलाच आपला दुसरा हात करून घेते. जागा असेल तर डायपोल बांधा आणि इमारतीपासून जमेल तितका दूर न्या. दहा मीटर अंतरानंही मोठा फरक पडतो. जागाच नसेल तर फक्त ऐकण्यासाठी छोटी लूप अँटेना ठेवा. ती फिरवून एका दिशेचा आवाज मारता येतो.

नॉइज ब्लँकरकडून फार अपेक्षा नको. तो तुटक तडतडीसाठी आहे, सलग सळसळीवर चालत नाही.

शेजाऱ्यांशी बोलताना

घराचा मेन पाडूनही आवाज उरला की हातातला रेडिओ घेऊन जिना, पार्किंग, गच्ची असं फिरा. जिन्यातले सेन्सरवाले दिवे आणि लिफ्टचा ड्राइव्ह आधी बघा, कारण त्यांच्यासाठी सोसायटीशी बोलता येतं. आवाज एखाद्या घराकडे बोट दाखवत असेल तर सोबत दोन गोष्टी न्या: आवाजाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आणि तपासून घेतलेला एक नवा बल्ब.

"काका, तुमच्या बाल्कनीतल्या दिव्यामुळे माझ्या रेडिओत आवाज येतोय का, ते एकदा बघू या का? तो दोन मिनिटं बंद-चालू करता? त्याचा निघालाच तर हा बल्ब लावून बघा, पैसे नकोत." एवढंच बोला. "तुमचा दिवा बेकायदेशीर आहे" या वाक्यानं सुरुवात केलीत तर पुढची दहा वर्षं ती खरखर ऐकत राहाल. "रेडिओ कशाला लागतो हल्ली?" असा प्रश्न आला तर १९९३च्या किल्लारी भूकंपात हॅमनी संपर्कासाठी केलेलं काम सांगा, मराठवाड्यातल्या माणसाला अधिक सांगावं लागत नाही.

उलट तक्रारही ऐकायची तयारी ठेवा. तुम्ही प्रसारण सुरू केलं की शेजारचा दिवा लुकलुकतो, असं घडतं. ते खरं असेल तर आपली ताकद कमी करून, अँटेना हलवून आधी आपली बाजू नीट करा.

हक्क कुठवर, तक्रार कुठे

भारतात हॅम परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो. परवान्यामुळे तुमचं केंद्र अधिकृत ठरतं आणि अडथळ्याबद्दल दाद मागता येते. कोणाच्या घरात शिरण्याचा किंवा दिवा काढायला लावण्याचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही. रेडिओतल्या अडथळ्यांचा माग काढणारी सरकारी यंत्रणा म्हणजे वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन. तिचं केंद्र मुंबईतही आहे. अर्जात कॉलसाइन, पत्ता, फ्रिक्वेन्सी, वेळा, एस-मीटरचे आकडे आणि घराचा मेन बंद करून केलेल्या तपासणीचा निकाल लिहा. हा शेवटचा मुद्दा नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल. एका बल्बसाठी हा मार्ग धरू नये असं माझं मत आहे. अख्ख्या इमारतीतून किंवा कारखान्यातून येणारा गोंगाट असेल तर जरूर धरा.

बीआयएसची खूण नसलेला किंवा खोटी खूण असलेला बल्ब कोणी विकला असेल तर बिलासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवा. तक्रार खुणेबद्दल करा. "रेडिओत आवाज येतो" हा मुद्दा ग्राहक आयोगापुढे सिद्ध करणं अवघड जातं. बिल नसेल तर तिथेच अडाल, म्हणून दहा रुपये वाचवायला बिनबिलाचे बल्ब घेऊ नका.

रस्त्यावरचा दिवा दोषी निघाला तर स्वतः खांबाला हात लावू नका, फांदी किंवा काठीनं ठोकूनही बघू नका. खांबावरचा क्रमांक, दिवा लागण्याची आणि विझण्याची वेळ आणि त्याच वेळी खरखर सुरू व बंद झाल्याची सलग काही दिवसांची नोंद जोडून महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत विद्युत विभागाच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात रेडिओचा उल्लेख एका ओळीत पुरे. "दिव्याचा ड्रायव्हर सदोष, बदलून मिळावा" ही मागणी ठळक लिहा. बदलायला येणाऱ्या वायरमनला कळेल अशी तीच भाषा आहे.